साठ टक्के कशाचे

लाइल ट्रेझीस अ‍ॅडलेडपासून लांब, किनाऱ्यावरच्या मुंटा गावात टायर बसवायचा. दुकान धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटीचा रंग समुद्राच्या वाऱ्याने कधीच खाल्ला होता, पण त्याने ती पुन्हा रंगवली नाही. टायर फुटलेल्या माणसाला पाटी लागत नाही, असं त्याचं म्हणणं.

मी वॉलारूच्या धान्यकोठारांवर होतो. शेतकरी बार्लीचा ट्रक घेऊन आला की वर चढायचं, लांब नळी खुपसून नमुना काढायचा, चाळणीत घालून हलवायचा आणि चाळणीखाली किती टक्के पडलं ते सांगायचं. बारीक दाणा जास्त निघाला की माल खालच्या प्रतीत जातो. मग शिव्या मी खायच्या. नोकरीभर हेच केलं, पण नीट केलं. त्यामुळे माणूस भेटला की त्याचं काम मी आधी बघतो, बोलणं मागाहून ऐकतो.

लाइलचं काम असं. जुना टायर उतरवला की रिमची कड तारेच्या ब्रशने घासायची, धातू उघडा पडेपर्यंत. बाकीचे तिथे नुसतं फडकं मारतात आणि महिन्याभराने हवा कमी झाली की टायरला दोष देतात. वॉल्व्ह प्रत्येक वेळी नवा. साबणाचं पाणी कडेला बेताचं लावायचं, ओतायचं नाही. चाक चढवल्यावर नट आधी हाताने फिरवायचे, मग पान्ह्याने, समोरासमोरचे, एक सोडून एक. हवेच्या बंदुकीने नट आवळणाऱ्याला तो न्हावी म्हणायचा. मला यात न्हाव्यांचा अपमान दिसायचा.

त्याचे आजोबा इथल्या तांब्याच्या खाणीत होते. कॉर्नवॉलहून आलेली सगळीच घरं खाणीतली. खाण बंद पडल्यावर बाप गाड्या हाकू लागला, आणि लाइल शाळा सोडून ट्रकच्या टायरांत शिरला. तेव्हा ट्रकच्या चाकाला लोखंडी कडं असायचं. ते नीट बसलेलं नसताना हवा भरली की कडं तोफेच्या गोळ्यासारखं सुटायचं. एकदा सुटलं. हवा भरणारा दुसराच होता, घाई त्याची होती. कडं लाइलच्या डोक्याशेजारून जाऊन पत्र्यातून बाहेर पडलं. डोकं वाचलं, डावा कान गेला. तेव्हापासून लाइल डाव्या बाजूने बहिरा आणि घाईच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी.

बहिऱ्या कानाचा तो उपयोगही करायचा. नको तो विषय निघाला की मान जराशी वळवायचा आणि डावी बाजू तुमच्याकडे करायचा.

असा एक विषय म्हणजे नेव्ह हॉस्किंग.

नेव्हचं टायरचं दुकान शेजारच्या कडीना गावात, लाइलच्या दुकानाच्या तिप्पट मोठं. भांडण मात्र धंद्याचं नव्हतं. भांडण गाजराचं होतं. लाइलची बायको मर्ल पास्टी करायची, म्हणजे भट्टीत भाजलेली मोठी करंजीच. कडेला दोरीसारखी मुरड, आत मांस, बटाटा, कांदा, सलगम, आणि थोडं गाजर. तिची आई घालायची म्हणून तीही घालायची. कॉर्नवॉलवाल्यांच्या कॉर्निश जत्रेतल्या स्पर्धेत तिने ताट ठेवलं आणि परीक्षक होता नेव्ह. त्याने पास्टी मोडली, आत पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. गाजर असलेली पास्टी ही पास्टी नव्हे, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मर्ल हसली आणि घरी गेली. पुन्हा तिने ताट ठेवलं नाही. ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. लाइल आणि नेव्ह नाताळात चर्चच्या एकाच गायकवृंदात गायचे, लाइल खर्जात आणि नेव्ह वरच्या पट्टीत. सूर जुळायचा. बोलणं नाही. एक या टोकाला उभा, दुसरा त्या टोकाला.

आता माझ्या मुलीचं सांगतो, कारण हे सगळं मी तिच्यामुळे लिहितोय.

टॅमसिनचा संसार अ‍ॅडलेडमध्ये मोडला. ती माझ्याकडे आली तेव्हा एक सूटकेस आणि एक कुंडी घेऊन आली. म्हणाली, काम मिळालं तर राहीन, नाहीतर परत जाईन, तुमच्या जिवावर बसणार नाही. इथे काम कुठलं? हंगामात कोठारावर, एरवी काही नाही. पण वसंतात एक जागा निघाली. आमच्या या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या माणसांना घरून दवाखान्यात न्यायचं आणि परत आणून सोडायचं. गाडी स्वतःची हवी आणि ती तपासणीत पास व्हायला हवी. तपासणी मंगळवारी सकाळी. गाडी नापास झाली तर काम मेटलंडच्या एका माणसाला जाणार होतं. त्याची गाडी तयार होती.

टॅमसिनने जुनी वॅगन घेतली होती. इंजिन चांगलं, गाद्या चांगल्या. आधीच्या मालकाने हौसेपायी मूळची चाकं काढून एका इंचाने मोठी बसवलेली. चमकदार, पाच पाकळ्यांची. त्यावरचे टायर गुळगुळीत झाले होते. ते बदलायचं तिने स्वतःच ठरवलं आणि स्वतःच केलं. मला विचारलं नाही, लाइललाही नाही. तिला एवढी तरी गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय करायची होती, हे मला नंतर कळलं. दाराच्या आतल्या पट्टीवर मूळ माप लिहिलेलं असतं ते तिने वाचलं: दोनशे पाच, साठ, सोळा. चाक आता सतराचं, म्हणून सोळाच्या जागी सतरा. चाक रुंद, म्हणून दोनशे पाचच्या जागी दोनशे पंचवीस. साठ होतं तसं ठेवलं. शहरातल्या जुन्या टायरांच्या एका वखारीत जाऊन तिने तेच मागितलं. त्यांनी दिलं, बसवूनही दिलं. मागितलं ते मिळालं, त्यात त्यांची चूक नाही.

मी एकटा पुढे बसून फिरलो तेव्हा गाडी ठीक होती. तपासणीआधीच्या शनिवारी शेजारच्या दोघी बहिणी मागे बसल्या, दोघीही अंगाने भरलेल्या, आणि टॅमसिनने त्यांना फिरवून आणायला गाडी वळवली तर मागून खरवडल्यासारखा आवाज आला. धक्क्याच्या वळणावर पुढूनही आला. बहिणी म्हणाल्या, आम्ही उतरतो. टॅमसिनने त्यांना उतरवलं. ती गाडी घेऊन सरळ लाइलकडे गेली. मी माझ्या गाडीने मागोमाग.

शनिवार होता आणि लांब सुट्टी. सोमवारी इथला ऑक्टोबरातला कामगार दिन. दुपारी बाराला सगळं बंद होतं ते मंगळवारीच उघडतं.

लाइल टायर बघायला लगेच वाकला नाही. आधी त्याने चालकाचं दार उघडलं, पट्टी वाचली. मग गुडघ्यावर बसून टायरवरचे आकडे वाचले. मग चाकाच्या कमानीत हात घालून आतल्या अस्तरावरून बोटं फिरवली. बोटं काळी होऊन बाहेर आली.

"साठ का घेतलंस, पोरी?"

"दारावर साठ लिहिलंय, लाइलकाका."

तो हसला नाही. माझ्याकडे वळला, उजवा कान पुढे करून.

"डेस, तू जन्मभर बार्ली चाळलीस. चाळणीखाली पाच टक्के पडले म्हणजे कशाचे पाच टक्के?"

"त्या नमुन्याचे," मी म्हणालो.

"नमुना दुप्पट घेतला तर?"

"टक्के तेवढेच. खाली पडलेला दाणा दुप्पट."

"सांग तिला."

सांगायची गरज राहिली नाही. टॅमसिन कोठाराच्या गावात वाढलेली पोर. पण आमच्याकडची हीच खोड. इथे आकडा म्हटला की तो प्रतीचा. पहिल्या प्रतीची बार्ली म्हणजे पहिल्या प्रतीची, ट्रक केवढाही असो. टायरचं साठ म्हणजेही अशीच काहीतरी प्रत असणार असं ती धरून चालली. पण ती प्रत नव्हती. ते टक्के होते, आणि टायरच्या रुंदीचे होते. टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची उंची, रुंदीच्या साठ टक्के. रुंदी वाढली, साठ तेच राहिलं, तर भिंत आपोआप उंच होते. त्यात चाक मुळात एका इंचाने मोठं. दोन्ही मिळून टायर कमानीत मावेनासा झाला. शिवाय मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता खातो, म्हणजे काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी शंभरच्या वर असते. हे तपासणीत पास व्हायची शक्यता नव्हती.

"चाक मोठं केलं तर भिंत बुटकी करायची," लाइल म्हणाला. "बाहेरचा घेर जिथल्या तिथे राहिला पाहिजे. गाडीला आत काय घातलंय ते कळत नाही. तिला फक्त घेर कळतो."

मग त्याने ते करून दाखवलं. जमिनीवर खडूची एक रेघ कायमची असायची. मूळ मापाचा एक टायर मांडणीवरून काढून त्याने रेघेवर उभा केला, कडेवर खूण केली आणि खूण पुन्हा जमिनीला लागेपर्यंत ढकलत नेला. तिथे खडूने आडवी रेघ. मग टॅमसिनचं एक चाक उतरवून तसंच. तिची रेघ पंजाभर पुढे गेली. एका फेऱ्यात पंजाभर. टॅमसिन त्या दोन रेघांकडे बघत उभी राहिली. तिचे हात खिशात होते आणि मुठी आवळलेल्या दिसत होत्या.

लाइलकडे सतराच्या चाकाचे चार टायर होते. दोनशे पंधरा, पन्नास. त्यातला एक त्याने रेघेवरून नेला. मूळ रेघेच्या बोटभर अलीकडे थांबला. एवढा फरक चालतो. टॅमसिन लगेच जॅककडे निघाली, स्वतः चाकं उतरवायला. लाइल मात्र टायर उभा धरून त्याच्या कुशीवर पुढे लिहिलेलं वाचत होता. मापानंतर एक आकडा असतो, किती भार पेलेल त्याचा. लोक तो वाचत नाहीत.

"नाही," तो म्हणाला.

दारावरची पट्टी ब्याण्णव मागत होती. टायरवर एक्याण्णव होतं.

"एकाने काय होतंय, काका?"

"एकाने चाकामागे पंधरा किलो कमी. चार चाकांचे साठ. म्हणजे एक अख्खी म्हातारी. तिला कुठे उतरवशील?"

टॅमसिन म्हणाली, मी तिघांच्या वर कुणाला बसवणारच नाही. तो म्हणाला, तू नाही बसवणार, पण पावसात चौथी उभी असेल तेव्हा बसवशील, आणि तिच्याजवळ चाकाची खुर्ची असेल ती डिक्कीत टाकशील. ती म्हणाली, कुणी बघणारसुद्धा नाही. तो म्हणाला, बघितलं मी. हे सगळं आवाज न चढवता चाललं होतं, आणि म्हणूनच ते मला ऐकवत नव्हतं. शेवटी टॅमसिन बाहेर गेली आणि आपल्या गाडीत जाऊन बसली. गाडी तीन चाकांवर आणि जॅकवर होती. ती स्टिअरिंग धरून बसली होती.

मी कुणाची बाजू घेतली नाही. मंगळवारनंतर ती परत शहरात जाईल, मावसबहिणीच्या घरातल्या सोफ्यावर झोपेल, हे मला दिसत होतं. लाइलचं बरोबर आहे हेही दिसत होतं. दोन्ही एकदम दिसत असताना माणसाने गप्प बसावं.

लाइलने फोन लावले. पोर्ट पिरीला कुणी उचलला नाही. मेटलंडच्या टायरवाल्याकडे ते माप नव्हतं. शहरातलं गोदाम मंगळवारी. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता बघत होता.

मी म्हणालो, नेव्हकडे असतील.

त्याने मान वळवली.

"डेस, तू बहिऱ्या कानाशी बोलतोयस."

मी टायरांच्या ढिगाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि तेच पुन्हा म्हणालो. तो बराच वेळ हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. मग एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि माझ्या गाडीत जाऊन बसला.

कडीनाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना बार्ली पिवळी पडायला लागली होती.

नेव्ह शटर ओढायच्या बेतात होता. आम्हाला बघून शटरवरचा हात तसाच वर राहिला. उंच, वाकलेला माणूस, कानात केसांचे झुबके. लाइलपेक्षा एखाद्या वर्षाने मोठा.

"वाट चुकलास का, राजा?"

"दोनशे पंचवीस, पन्नास, सतरा," लाइल म्हणाला. "भार ब्याण्णव किंवा वर. चार हवेत."

"तुझ्याकडे नाहीत?"

"असते तर आलो असतो?"

नेव्हने माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. टॅमसिन, काम, मंगळवार, मेटलंडचा माणूस. लाइलने एका आकड्यासाठी चार टायर नाकारले तेही सांगितलं. तेव्हा नेव्हच्या तोंडाचा एक कोपरा हलला, आणि तो आत गेला. आतून टायर सरकवल्याचा आवाज आला. दोन खेपांत चार टायर बाहेर आले. त्यांवर खडूने दुसऱ्या कुणाचं तरी नाव होतं. नेव्हने ते तळहाताने पुसलं. त्या गिऱ्हाइकाची समजूत मी घालीन, त्याची गाडी पुढच्या आठवड्यापर्यंत उभीच आहे, असं म्हणाला.

लाइल टायरवरचे आकडे वाचायला वाकला. एकेक, चारही. चौऱ्याण्णव. बनवल्याची तारीखही वाचली. नेव्ह वरून बघत होता.

"एका आकड्यासाठी चार चांगले टायर बाजूला सारलेस," नेव्ह म्हणाला. "आणि मी एका गाजरासाठी एक ताट बाजूला सारलं, तर तू माझ्याशी बोलणं टाकलंस."

लाइल वाकलेलाच होता.

"गाजराने कुणाचं चाक घासत नाही, नेव्ह."

"नाही घासत." नेव्हने खडू लागलेला तळहात पँटला पुसला. "खाल्ली होती मी ती. सगळे गेल्यावर, तंबूमागे उभा राहून. ताट पुसून खाल्ली. नियमाप्रमाणे ती पास्टी नव्हती. पण तशी मी नंतर खाल्ली नाही."

लाइल उठला. उठायला त्याला वेळ लागला, गुडघ्यांमुळे. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, हे तिला सांगायला हवं होतंस. नेव्ह म्हणाला, हो. एवढंच झालं. मग दोघांनी दोन-दोन टायर उचलून माझ्या गाडीत टाकले आणि नेव्ह शटर ओढून मागच्या सीटवर बसला. ये म्हणून त्याला कुणी म्हणालं नव्हतं.

मुंटाला परतलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि रस्ता रिकामा होता. टॅमसिन गाडीतून उतरली होती. तिने उरलेली तिन्ही चाकं उतरवून, गाडी ठोकळ्यांवर ठेवून, नट एका डब्यात जमा करून ठेवले होते. आम्ही टायर आणले नसते तर? मी विचारलं नाही. मला ते आवडलं.

आधी लाइलने एक टायर रेघेवरून नेला. मूळ रेघेच्या बोटभर पुढे. चालण्याजोगा. मग काम सुरू झालं. लाइल रिम घासत होता, नेव्ह टायर चढवत होता. दोघांच्या पद्धती वेगळ्या. नेव्ह साबण जास्त लावतो. लाइलला ते दिसत होतं आणि तो दुसरीकडे बघत होता. यापेक्षा मोठा उपकार लाइल माणसावर करत नसे. टॅमसिन चाकं उचलून तोलाच्या यंत्रावर ठेवत होती आणि सांगेल तिथे शिशाचे तुकडे ठोकत होती. मी जुने टायर बाहेर नेऊन रचले. वय झाल्यावर हेच काम मिळतं.

चाकं चढली. कुणालाही वाटलं असतं झालं. पण मोठी चाकं बसवलेली गाडी लाइल भरून बघितल्याशिवाय सोडत नसे. उभी असताना सगळ्याच गाड्या बरोबर असतात, तो म्हणायचा. एरवी यासाठी दुकानात वाळूची पोती होती. त्या दिवशी त्याने आम्हा दोघांकडे एकदा बघितलं आणि पोती राहू दे म्हणाला.

मागे आम्ही तिघं बसलो. लाइल उजवीकडे, चांगला कान चाकाच्या बाजूला. मी मध्ये, नेव्ह डावीकडे. डिक्कीत तरीही दोन पोती टाकलीच, चाकाच्या खुर्चीच्या नावाने. टॅमसिनने गाडी काढली.

"पोरी, स्टिअरिंग पुरतं फिरव. हळू. आता उलटं."

तिने फिरवलं. पुढे, मागे. मग धक्क्याच्या वळणावर, जिथे सकाळी आवाज आला होता. मग रस्त्याकडेच्या गटाराच्या खोलगट भागातून तिरकं, एक चाक खाली आणि एक वर. माझा खांदा कधी याच्या बरगडीत, कधी त्याच्या. लाइलने डोळे मिटले होते.

"उजवीकडे काही नाही," तो म्हणाला.

डावीकडचं त्याला ऐकू येणार नव्हतं. पलीकडे वाकून चांगला कान तिकडे नेता आला असता, पण मी मध्ये होतो. तो तसाच समोर बघत राहिला. नेव्हने काचेला डोकं टेकवलं. वरच्या पट्टीत गाणाऱ्याचा कान बारीक असतो.

"डावीकडेही नाही," नेव्ह म्हणाला.

लाइल टॅमसिनला गाडी पुन्हा फिरवायला लावेल असं मला वाटलं. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर त्याने कधी गाडी सोडलेली मी पाहिली नव्हती. पण तो म्हणाला, मग घे दुकानाकडे. नेव्हने बाहेर बघितलं. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

मंगळवारी मी तपासणीला गेलो नाही. टॅमसिन म्हणाली, येऊ नका. मी घरी बसून कुंडीला पाणी घातलं, मग आठवलं की ती सकाळीच घालून गेली होती. ती आली तेव्हा पायऱ्यांवरूनच सांगितलं. तपासणाऱ्याने दारावरची पट्टी वाचली, टायर वाचला, घेर मोजला, शेवटचा आकडा वाचला. तो वाचून मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेला. शेवटचा आकडा वाचणारा आणखी एक माणूस निघाला तर. काम तिला मिळालं. त्याच दुपारी तिने पहिल्या म्हातारीला वॉलारूच्या दवाखान्यात नेलं.

ती अजून इथेच आहे. माझ्या टेबलावर दोन ताटं असतात. या किनाऱ्यावर अशी कितीतरी म्हातारी माणसं आहेत ज्यांना तिच्या गाडीचा आवाज ओळखू येतो. त्यांतला एक मी. लाइलने दुकान विकलं, आता तो घरी असतो आणि नेव्ह त्याच्याकडे गुरुवारी जातो. तिथे काय बोलतात ठाऊक नाही. दोघांचे आभार मी मानले आहेत, पण लाइलचे मानणं सोपं नसतं. टॅमसिनने ते करून पाहिलं.

कामाचा पहिला आठवडा झाला आणि ती त्याच्या दुकानात गेली. मी होतो बरोबर. तिने मनात वाक्यं जुळवली असणार, वाटेत तिचे ओठ हलत होते. लाइल एका ट्रॅक्टरच्या चाकामागे होता. ती म्हणाली, लाइलकाका, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो बाहेर आला आणि त्याने विचारलं, गाडी किती चालली. तिने सांगितलं.

"मग आत घे. नट बघायचे राहिलेत. नवं चाक थोडं चाललं की नट बसतात, मग पुन्हा आवळायचे असतात. सगळ्यांना सांगतो, कुणी येत नाही."

"मी त्यासाठी नाही आले."

"माहीत आहे. आधी नट."

तिने गाडी आत घेतली. त्याने लांब दांड्याचा पान्हा काढला, पुरेसं आवळलं की कट करून वाजणारा. पहिलं चाक. समोरासमोरचे, एक सोडून एक. प्रत्येक नटावर तो वाकला, उजवा कान खाली करून, आणि कट ऐकू येईपर्यंत थांबला. मागच्या चाकाचा एक नट जरासा फिरला. मग वाजला. त्याने तो परत एकदा तपासला. चारही चाकं झाली. पान्हा फडक्याने पुसला, सैल केला, जागेवर ठेवला. मग कंबर धरून सरळ झाला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"हं. आता बोल. काय म्हणत होतीस?"

टॅमसिनला बोलता आलं नाही. तो तसाच उभा राहिला, चांगला कान तिच्याकडे करून, तिला जमेपर्यंत.